रोममध्ये कुठे आणि काय खायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोमला निघालेल्या ओळखीच्या, आणि ओळखीच्यांच्या ओळखीच्या मंडळींचे निरोप मला बारा महिने येतात. तिथे काही वर्षं राहून आल्याची ही शिक्षा. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून एकदाचे ओळीने लिहून ठेवले. ज्याचं उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलंय, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. पिझ्झा-पास्ता तर पुण्यातही मिळतो. मग खास रोमचं असं काय खायचं?

पास्त्यापासून सुरुवात करा. रोमचे पास्ते चार, आणि चौघांचं गोत्र एकच. डुकराच्या गालाची खारवलेली चरबी म्हणजे ग्वांचाले, मेंढीच्या दुधाचं खारट चीज म्हणजे पेकोरिनो, आणि वर काळी मिरी. एवढ्यावर होते ती ग्रीचा. तिच्यात टोमॅटो आला की अमात्रिचाना, अंडं आलं की कार्बोनारा. ग्वांचाले काढून नुसतं चीज आणि मिरी ठेवली की काचो ए पेपे. कार्बोनारात क्रीम नसतं. मेन्यूवर क्रीम दिसलं तर खुशाल उठून जा.

पास्त्याखेरीज तीन गोष्टी. ज्यू मोहल्ल्यातले तळलेले आर्टिचोक, म्हणजे मोठ्या फुलाच्या कळीसारखी एक भाजी (प्रश्न १३), कसायांच्या वस्तीतलं मुंडी-पाया-वजडी घराण्याचं खाणं (प्रश्न १२) आणि वजनावर विकला जाणारा पिझ्झा (प्रश्न १४). कार्बोनाराचे फोटो सगळे टाकतात, पण मला विचाराल तर रोमची खरी चव तिथल्या भाज्यांत आहे. चिकोरिया रिपास्साता मागवा. कडवट पालेभाजी उकडून, पिळून, लसूण आणि लाल मिरचीवर तेलात परतलेली असते. पहिला घास घेतला आणि मला आईची माठाची भाजी आठवली.

२. रिस्तोरांते, त्रात्तोरिया, ओस्तेरिया: यात फरक काय?

रिस्तोरांते म्हणजे जरा थाटाचं हॉटेल, त्रात्तोरिया म्हणजे घरगुती खानावळ. ओस्तेरिया हा मुळात वाइनचा गुत्ता, बरोबर काहीबाही खायला मिळायचं. आज ही नावं कोणीही लावतं, त्यामुळे पाटीवर जाऊ नका. त्यापेक्षा उपयोगाचे शब्द वेगळे आहेत. फोर्नो म्हणजे बेकरी, पिझ्झाचे तुकडे तिथेच मिळतात. ताव्होला काल्दा म्हणजे शिजवलेले पदार्थ काचेमागे मांडून ठेवलेलं दुकान, बोट दाखवून घ्यायचं. आणि बार म्हणजे कॉफीचं दुकान! 'बार' वाचून सासूबाई दारातच थबकल्या, हा निरोप मला निदान तिघींकडून आलाय.

३. जेवणाच्या वेळा काय? आम्हाला संध्याकाळी सहाला भूक लागते.

दुपारी साडेबारा ते अडीच-तीन, रात्री साडेसात-आठनंतर. मधल्या वेळात चांगल्या खानावळीची चूल बंद असते. दुपारी चार वाजता 'या, या' म्हणत गरम पास्ता वाढणारं हॉटेल बहुतेक वेळा पर्यटकांसाठीच उघडलेलं असतं.

सहाची भूक भागवायला सुप्ली आहे. टोमॅटोत शिजवलेल्या भाताचा लांबट गोळा, पोटात मोझरेला, वरून ब्रेडचा चुरा लावून तळलेला. मधून मोडला की चीजची तार निघते, म्हणून जुनं नाव 'सुप्ली आल तेलेफोनो', टेलिफोनच्या तारेसारखा. आपल्याकडे वडापावाचं जे स्थान, तेच तिथे याचं. दोन-तीन युरोत एक. शाकाहारींनी मात्र आधी प्रश्न ८ वाचावा.

४. कुठल्या भागात जेवावं? आमचं हॉटेल स्टेशनजवळ आहे.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच.

तेस्ताच्चो: माझी पहिली पसंती. मध्यवस्तीपासून जरा दक्षिणेला, मेट्रोचं पिरामिदे स्टेशन जवळ. शहराचा कत्तलखाना इथे १९७५ पर्यंत चालू होता, त्यामुळे कामगारांच्या खानावळी इथे रुजल्या. मोन्ते तेस्ताच्चो नावाची इथली टेकडी मातीची नाहीच. प्राचीन रोममध्ये तेलाचे रांजण रिकामे झाले की फोडून इथे रचत, त्या खापरांचा हा डोंगर. फ्लाव्हियो आल व्हेलाव्हेव्होदेत्तो ही खानावळ या टेकडीला लागूनच आहे. आत काचेमागे खापरांचे थर दिसतात. फेलिचे आ तेस्ताच्चो १९३६ पासून आहे. तिथे काचो ए पेपे तुमच्या टेबलापाशी आणून, वाढपी स्वतः भराभर घोळून देतो. सकाळी-दुपारी तेस्ताच्चोच्या मंडईत जा. गाळ्यागाळ्यांवर खायला मिळतं, आणि भाजी घ्यायला आलेल्या आज्याही तिथेच उभ्या असतात. रविवारी मंडई बंद.

ज्यू मोहल्ला: नदीकाठी, पोर्तिको दोत्ताव्हियाचा रस्ता. १५५५ मध्ये पोपच्या हुकमाने शहरातल्या ज्यूंना इथे भिंतीआड कोंडलं. ही कोंडी पुरती सुटली ती १८७० मध्ये. हाताशी होतं ते स्वस्त होतं, आणि तळलं की काहीही खाता येतं. त्यातून एक अख्खी पाककला उभी राहिली. शाकाहारींना हा भाग का सोयीचा, ते प्रश्न ९ मध्ये. बोच्चोने ही इथली पाटी नसलेली बेकरी. रिकोटा आणि आंबट चेरीचा केक घ्यायला लोक रांग लावतात. केकचा वरचा भाग जवळजवळ करपलेला दिसतो. तो तसाच असतो, परत करू नका.

त्रास्तेवेरे: संध्याकाळी फिरायला छान. पण मुख्य चौकापासून जितकं लांब, तितकं जेवण बरं. दा एंझो आल २९ चांगलं आहे, मात्र रांग मोठी. आय मार्मी नावाच्या पिझ्झेरियात संगमरवरी टेबलं आहेत, म्हणून रोमकर तिला 'शवागार' म्हणतात. प्रेमाने म्हणतात.

व्हॅटिकन: संग्रहालयातून बाहेर पडल्यावर जे पहिलं दिसेल तिथे बसू नका. चिप्रो मेट्रो स्टेशनकडे चालत जा. तिथे गाब्रिएले बोंची यांचं पिझ्झारियुम आहे (प्रश्न १४).

कोलोसियम: समोरच्या रांगेतली हॉटेलं दृश्याचे पैसे घेतात. पलीकडे मोंती नावाची जुनी वस्ती आहे, तिच्या गल्ल्यांत शिरा.

त्रेव्हीचं कारंजं, स्पॅनिश पायऱ्या, नव्होना चौक: इथे आइस्क्रीम खा, फोटो काढा, जेवायला दुसरीकडे जा.

राहता राहिलं तुमचं तेर्मिनी स्टेशन. त्याच्या मागचा एस्क्विलिनो भाग पर्यटकांना गचाळ वाटतो, पण खाण्याच्या दृष्टीने कामाचा आहे. प्रश्न १८ पाहा.

५. फसवणारं हॉटेल दुरून ओळखता येतं का?

बऱ्यापैकी. दारात उभा राहून हाका मारणारा माणूस, पदार्थांचे रंग उडालेले मोठाले फोटो, सात भाषांतला मेन्यू, 'मेनू तुरिस्तिको' अशी पाटी. यातलं एखादं असेल तर चालून जातं, तीन असतील तर पुढे चला. माझी आणखी एक खूण म्हणजे मेन्यूची लांबी. पिझ्झा, पास्ता, मासे, बर्गर, सुशी सगळं एका छपराखाली असेल तर बहुतेक फ्रीझरच राबतोय.

उलट चांगली खूण अशी, की त्या वाराचा पदार्थ पाटीवर खडूने लिहिलेला असतो. 'गुरुवारी न्योक्की, शुक्रवारी मासे, शनिवारी वजडी' हा जुन्या रोमचा दंडक. तो पाळणाऱ्या खानावळी अजून आहेत आणि बहुतेक चांगल्या आहेत. न्योक्की म्हणजे बटाट्याचे मऊ गोळे. गुरुवारी सापडले तर सोडू नका.

६. बिलात न मागवलेल्या ब्रेडचे पैसे लावले. ही लूट नाही का?

लूट नाही, रीत आहे. पण तिला मर्यादा आहे. इटलीत माणशी 'कोपेर्तो' म्हणून बैठकीचे पैसे लावतात. रोम ज्या लात्सिओ प्रांतात आहे, तिथे २००६ पासून कोपेर्तो लावायला कायद्याने मनाई आहे. म्हणून बिलात 'पाने', म्हणजे ब्रेड, असं लिहून येतं. ब्रेड नको असेल तर टोपली टेबलावर येताक्षणी परत पाठवा. खाऊन झाल्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

'सेर्व्हित्सियो' म्हणजे सेवाशुल्क. ते लावणार असतील तर मेन्यूवर लिहिलेलं असायला हवं, तेव्हा बसण्याआधी मेन्यूची शेवटची ओळ वाचा. टिप सक्तीची नाही. समाधान झालं तर दोन-चार युरो ठेवून उठतात, अमेरिकेसारखे टक्के मोजत नाहीत. आणि बिल मागितल्याशिवाय येत नाही. न मागता आणणं म्हणजे 'उठा आता' म्हटल्यासारखं होतं. 'इल कोंतो, पेर फाव्होरे' म्हणा.

७. मेन्यूवर मासा आठ युरोला होता, बिल पन्नासच्या वर आलं. असं कसं?

किमतीपुढे बारीक अक्षरात 'एत्तो' असणार. एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. अख्खा मासा वजनावर विकतात, आणि एक मासा सहज सहा-सातशे ग्रॅमचा भरतो.

मी स्वतः यात सापडलेय. नदीजवळच्या एका हॉटेलात वाढप्याने बर्फावरचा मासा ताटात घालून दाखवला, मी कौतुकाने मान डोलावली. तीच माझी संमती! बिल पाहून नवऱ्याने पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि बराच वेळ काही बोलला नाही. तेव्हापासून मी आधी विचारते, 'क्वांतो पेझा?' म्हणजे वजन किती, आणि मग 'क्वांतो कोस्ता इन तोताले?', एकूण किती होतील. विचारण्यात कमीपणा नाही, तिथले लोकही विचारतात.

८. आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

अजिबात नाही. फक्त मांस दिसेल तिथे नसतं आणि न दिसेल तिथे असतं, एवढं लक्षात ठेवा.

डोळे झाकून चालणारे पदार्थ आधी सांगते. चिकोरिया रिपास्साता. स्पागेत्ती किंवा पेन्ने आल्लाराब्याता, म्हणजे टोमॅटो-लसूण-मिरचीचा झणका. आपल्या जिभेला हा सगळ्यात जवळचा. पिझ्झा रोस्सा, नुसता टोमॅटो. पिझ्झा मारिनारा, टोमॅटो-लसूण-ओरेगानो. नाव समुद्राचं असलं तरी त्यात मासा नसतो. आणि उन्हाळ्यात पोमोदोरी कोल रिझो: मोठे टोमॅटो पोखरून, आत तांदूळ भरून, बटाट्याच्या फोडींसोबत भट्टीत भाजलेले. भरल्या वांग्यांवर वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ताव्होला काल्दात हमखास मिळतात.

आता सापळे. भोपळ्याची तळलेली फुलं, फियोरी दि झुक्का, दिसायला निव्वळ भाजी. आत मोझरेलासोबत खारवलेला आलीची मासा असतो. आधीच भरून ठेवलेली असतात, त्यामुळे 'मासा काढून द्या' म्हणता येत नाही. पुंतारेल्ले ही हिवाळ्यातली कुरकुरीत कुरळी कोशिंबीर. तिच्या फोडणीत तोच मासा वाटलेला. सुप्लीच्या भातात बहुतेक ठिकाणी मांसाचा रस्सा असतो, पण काचो ए पेपेची वगैरे बिनमांसाची सुप्लीही मिळते, विचारून घ्या. पास्ता ए फाजोली, म्हणजे राजम्यासारख्या दाण्यांचा पास्ता, त्यात डुकराची साल घालायची पद्धत आहे. वसंतात येणारी व्हिन्यारोला, म्हणजे मटार, बाकला आणि आर्टिचोकची मिसळभाजी, तिच्यात कधी ग्वांचाले असतं, कधी नसतं.

'मी शाकाहारी' एवढं सांगून भागत नाही. बाई असाल तर 'सोनो व्हेजेतारियाना', पुरुष असाल तर 'व्हेजेतारियानो' म्हणा, आणि लगेच नाव घेऊन विचारा: 'चे इल ग्वांचाले? चि सोनो ले आलीची?' ग्वांचाले चवीपुरतं असलं तर काही आचाऱ्यांच्या हिशेबी ते मांसात धरत नाहीत. मनात खोट नसते, हिशेब वेगळा असतो.

९. चीज शाकाहारी असतं ना?

आपल्या अर्थाने बहुधा नाही. दूध फाडायला लागणारं रेनेट पेकोरिनो रोमानोत कोकराच्या जठरातून येतं, पार्मेसानमध्ये वासराच्या. या चिजांचा नियमच तसा आहे, त्यामुळे हॉटेलवाल्याला 'व्हेज चीज द्या' म्हणून उपयोग नाही. ज्यांना हे चालत नाही त्यांनी काचो ए पेपे विसरावं आणि प्रत्येक पास्त्यावर 'सेन्त्सा फोर्माज्जो', चीजशिवाय, सांगावं. सुपरमार्केटच्या पाकिटावर 'काल्यो व्हेजेताले' लिहिलं असेल तर ते चीज चालेल.

'भांडी तरी वेगळी असतील का' असं विचारणाऱ्यांसाठी एक युक्ती. ज्यू मोहल्ल्यात कोशर, म्हणजे ज्यूंच्या धर्माला चालणारं अन्न देणारी, हॉटेलं दोन प्रकारची असतात, मांसाची आणि दुधाची. ज्यू धर्मनियमाने दोन्ही एका स्वयंपाकघरात चालत नाहीत. म्हणजे दुधाच्या कोशर हॉटेलात मांसाचा कणही नसतो, तळणीच्या तेलातसुद्धा नाही. बा'गेत्तो मिल्की हे त्यातलं एक. मासे आणि अंडी मात्र असतात, आणि रेनेटचा प्रश्न तिथेही विचारायलाच हवा. शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी संध्याकाळपर्यंत शब्बाथची सुट्टी असते. शनिवारी दुपारी ठरवून जाल तर बंद दार बघून याल.

१०. अंडं कुठे कुठे लपलेलं असतं? पेपेरोनी पिझ्झ्याचंही सांगा.

ताज्या पास्त्यात अंडं असतं, सुक्यात नसतं. फेत्तुचिने, लाझान्या, राव्हियोली हे अंड्याचे. स्पागेत्ती, रिगातोनी, पेन्ने हे गहू आणि पाण्याचे. तोन्नारेल्ली ताजे असतात, तेव्हा अंडं धरून चाला. न्योक्कीत काही घालतात, काही नाही. तिरामिसूत कच्चं अंडं असतं. आइस्क्रीममध्ये 'क्रेमा' हा स्वाद अंड्याचा. लिंबू, स्ट्रॉबेरीसारखे फळांचे स्वाद बऱ्याचदा नुसत्या पाण्यातले असतात, दूधसुद्धा नाही.

पेपेरोनी म्हणजे इटालियनमध्ये ढोबळी मिरची! मुलाने सॉसेजच्या आशेने मागवावा आणि ढोबळी मिरचीचा पिझ्झा यावा, हे नेहमीचं आहे. शाकाहारींना उलट फायदाच. तसंच 'लात्ते' मागितलं तर नुसतं दूध येतं. कॉफी हवी तर 'काफे लात्ते'.

११. जैन जेवण? आणि एकादशीला काय?

जैन जेवण अवघड आहे, उगाच धीर देत नाही. कांदा काढता येतो, लसूणही, पण सॉस आधी करून ठेवलेला असतो. 'सेन्त्सा आल्यो, सेन्त्सा चिपोल्ला' सांगून ताज्या टोमॅटोचा साधा पास्ता करून देतील. आठवडाभरासाठी यायचं असेल तर स्वयंपाकघर असलेली खोली घ्या आणि प्रश्न १८ मधल्या मंडईत जा.

उपासाला मंडईतली फळं, अक्रोड-बदाम, दही आणि खोलीवर उकडलेला बटाटा. हॉटेलातल्या भाजलेल्या बटाट्यात रोझमेरी आणि बहुधा लसूण असते. साबुदाणा बॅगेत घालून आणा.

१२. आम्ही मांसाहारी, पण गोमांस खात नाही. काय टाळायचं?

कत्तलखान्यातले कामगार मजुरीचा एक भाग म्हणून उरलंसुरलं घरी नेत: आतडी, शेपूट, जीभ, काळीज. याला क्विंतो क्वार्तो म्हणतात, 'पाचवा पाव'; पाव म्हणजे जनावराचा चौथा हिस्सा. चार चांगले पाव श्रीमंतांकडे गेल्यावर उरलेला. रोमचे नावाजलेले पदार्थ त्यातूनच आले, आणि ते बहुतेक गाय-बैल-वासराचेच. कोदा आल्ला व्हाच्चिनारा हे शेपटीचं कालवण, त्रिप्पा म्हणजे वजडी, टोमॅटो, पुदिन्याच्या भाऊबंदातली पानं आणि पेकोरिनो घालून. पायाता म्हणजे दूधपित्या वासराचं आतडं. 'मॅड काउ'च्या भीतीने २००१ पासून बंदी होती, ती २०१५ मध्ये उठली. साल्तिम्बोकाही वासराचाच. रागू, म्हणजे मांसाचा सॉस, म्हटलं की गोमांस किंवा डुकराचं मांस गृहीत धरा.

तुमच्यासाठी आब्बाक्यो, म्हणजे कोवळं कोकरू, शेगडीवर भाजलेलं. कोंबडीमध्ये पोल्लो को पेपेरोनी, हो, ढोबळी मिरचीच. हा ऑगस्टमधला रोमचा घरगुती पदार्थ. खारवलेला बाकाला मासा पीठ लावून तळलेला मिळतो. ठाणे-वसईकडच्या मंडळींना तो सुरमईच्या तुकडीसारखा लागणार नाही, पण आवडेल.

१३. तळलेला आर्टिचोक मागवला, चिवट निघाला. सगळे एवढं कौतुक कसलं करतात?

कधी गेला होतात? रोमच्या जातीचा आर्टिचोक साधारण फेब्रुवारी ते एप्रिलचा. तेव्हा त्यात काटे नसतात, आतले तंतू नसतात, अख्खा खाता येतो. जुलै-ऑगस्टमध्ये समोर येतो तो बाहेरून आणलेला. गर्मीत मागवून नावं ठेवणं म्हणजे दिवाळीत हापूस मागवून नाक मुरडण्यासारखं आहे.

कार्चोफी आल्ला जुदिया हा ज्यू पद्धतीचा. पाकळ्या उलगडून दोनदा तळतात, तो तांब्याच्या रंगाच्या फुलासारखा दिसतो; बाहेरच्या पाकळ्या पापडासारख्या मोडतात, आतला देठ लोण्यासारखा. कार्चोफी आल्ला रोमाना हा दुसरा: लसूण आणि पुदिन्यासारखी मेन्तुच्चा भरून, उलटा उभा करून तेल-पाण्यात मंद शिजवलेला. दोन्ही शाकाहारी. मी दुसऱ्याच्या बाजूची. हे वाक्य ज्यू मोहल्ल्यात मोठ्याने बोलत नाही.

१४. रोमचा पिझ्झा नेपल्ससारखा नसतो का?

नसतो. नेपल्सचा मऊ, फुगीर काठाचा. रोमचा पातळ आणि कुरकुरीत. गोल पिझ्झा तिथे बहुतकरून रात्री खातात आणि प्रत्येकाचा आपला वेगळा. चौघांत एक मागवलात तर वाढपी दोनदा विचारेल.

दिवसा खायचा तो पिझ्झा आल ताल्यो. मोठ्या चौकोनी ताटात भाजलेला, कात्रीने कापून वजनावर देतात. हाताने अंतर दाखवायचं, 'कोझी', म्हणजे एवढा. अर्ध्या बोटाने कमी दाखवलं तरी पोट भरतं. बोंचींच्या पिझ्झारियुममध्ये बटाटा-मोझरेलाचा तुकडा घ्या. बसायला जागा नसते, बाहेर पिंपासारख्या टेबलांपाशी उभं राहून खायचं. कांपो दे फियोरीच्या फोर्नोत पिझ्झा ब्यांका मिळतो, नुसती तेल-मीठ लावलेली लांबच लांब रोटी. गरम असताना कागदात गुंडाळून घ्या. लहान मुलांचा सगळा प्रवास यावर निघतो.

१५. कॉफी टेबलावर घेतली तर तिप्पट पैसे का लागले?

कारण तुम्ही बसलात. काउंटरपाशी उभ्याने एस्प्रेसो सव्वा युरोच्या आसपास, तीच कॉफी टेबलावर आणून दिली तर दर वेगळा. दोन्ही दर पाटीवर लावलेले असतात. गर्दीच्या ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती काउंटरवर ठेवायची.

पँथिऑनजवळ दोन प्रसिद्ध दुकानं आहेत. सांत एउस्ताकियो १९३८ पासूनचं. तिथली ग्रान काफे साखर घालूनच येते, नको असेल तर आधीच 'सेन्त्सा झुक्केरो' म्हणा. दुसरं तात्सा दोरो. तिथे उन्हाळ्यात कॉफीचा बर्फाळ ग्रानिता मिळतो, वर-खाली घट्ट साय. कापुचिनो दुपारी जेवणानंतर मागितलात तर देतील. हसतील, पण देतील. चहा मात्र खोलीवर करून घ्या.

१६. पाण्याच्या बाटल्यांवर किती खर्च करायचा?

हॉटेलात बाटली घ्यावीच लागते, बाहेर शून्य. रस्तोरस्ती ओतीव लोखंडाचे बुटके नळ आहेत, अडीच हजारांच्या आसपास. वाकड्या तोटीमुळे त्यांना 'नझोने', म्हणजे मोठ्या नाकाचे, म्हणतात. १८७० च्या दशकापासूनचे. पाणी थंडगार आणि पिण्याजोगं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या बारीक भोकातून कारंजं उडतं, त्याला तोंड लावून प्यायचं. पहिल्या प्रयत्नात शर्ट भिजतोच.

१७. आधी जागा राखून ठेवावी लागते का?

नावाजलेल्या ठिकाणी, हो. आर्मान्दो आल पँथिऑन १९६१ पासूनचं, छोटंसं. तिथे बऱ्याच आधीपासून जागा भरतात. शुक्रवार-शनिवारी रात्री तर साध्या खानावळीतही सकाळी फोन करून ठेवावा. राखून गेला नाहीत तर साडेसातला, दार उघडताच जा. सगळे रोमकर साडेआठला येतात, तोवर तुमचं जेवण उरकतं.

सुट्टीचं वेळापत्रकही बघा. बरीच ठिकाणं रविवारी रात्री किंवा सोमवारी बंद. ऑगस्टमध्ये, त्यातही १५ ऑगस्टच्या फेरागोस्तो या सणाच्या आसपास, दारांवर हाताने लिहिलेली 'किउझो पेर फेरिये' चिठ्ठी लागते: सुट्टीनिमित्त बंद.

१८. वडिलांना तीन दिवसांनी वरणभातच लागतो. सोय आहे?

आहे. तेर्मिनीमागे एस्क्विलिनोत भारतीय आणि बांगलादेशी दुकानं-खाणावळी भरपूर. पियात्सा व्हित्तोरिओजवळची एस्क्विलिनोची मंडई जुन्या बराकीच्या इमारतीत भरते. कोथिंबीर, भेंडी, हिरवी मिरची, तांदूळ, डाळी, सगळं मिळतं. बांगलादेशी भाजीवाले हिंदी समजतात, घासाघीसही चालवून घेतात. स्वयंपाकघराची खोली असेल तर अर्ध्या तासात कुकर लागला. हॉटेलातलं भारतीय जेवण मात्र जिरे-राईचं कमी, क्रीमचं जास्त.

१९. विकत घेतलेलं पायऱ्यांवर बसून खाल्लं तर दंड होतो म्हणे?

स्पॅनिश पायऱ्यांवर २०१९ पासून नुसतं बसायलाही मनाई आहे; दंड अडीचशे युरोपासून. ऐतिहासिक कारंज्यांच्या कडेवर डबे उघडून बसू नका. धपाटे आणले असतील तर एखाद्या बागेत खा. तेस्ताच्चोहून जवळची आव्हेंतिनो टेकडीवरची संत्र्यांची बाग उत्तम. तिथून नदीपलीकडचं शहर दिसतं.

२०. शेवटचा प्रश्न: खरं जेलातो कुठलं? आणि मुलांना बर्फाचा गोळा हवाय.

ढिगाने फुगवलेलं, भडक रंगांचं जेलातो टाळा. पिस्ता झगझगीत हिरवा नसतो, मळकट असतो. केळं पिवळं नसतं, करडं असतं. झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत ठेवलेलं असेल तर चांगलं लक्षण. पार्लमेंटजवळचं जोलित्ती आणि पियात्सा व्हित्तोरिओजवळचं १८८० पासूनचं फास्सी ही जुनी नावं. फास्सीचा दिवाणखाना एवढा मोठा आहे, की आजी-आजोबांना बसायला जागा मिळते. वर 'पान्ना' हवी का विचारतात, ती घट्ट फेटलेली साय, हो म्हणा.

गोळ्याची सोय रोमने आपल्यासाठीच केलीय असं वाटावं. उन्हाळ्यात नदीकाठी टपऱ्यांवर ग्रात्ताकेक्का मिळतो. तिबेरीना बेटासमोरची सोरा मिरेल्ला ही त्यातली प्रसिद्ध टपरी. आपला गोळेवाला बर्फाची लादी रंध्यावर घासतो. इथे लादी जागची हलत नाही, माणूस हातातलं लोखंडी खरवडणं तिच्यावर फिरवतो आणि चुरा ग्लासात भरतो. वर आमरेना चेरीचं सरबत, लिंबू, खोबऱ्याचे तुकडे. काडी नाही, चमचा मिळतो. पण शेवटी तळाशी उरलेलं रंगीत पाणी पोरं तोंडाला ग्लास लावूनच पितात.